डिस्क रिकामी, तरी ‘जागा नाही’: मर्जरएफएस लावताना या चुका टाळा

तुळशीचं लग्न आटोपलं की इतवारीतल्या एका फोटो स्टुडिओत रोज दोनशे-तीनशे जीबी फुटेज येऊन पडतं. तिथला स्टोरेज सर्व्हर मीच लावून दिलेला. दोन जुन्या डिस्क भरत आल्या म्हणून ८ टीबीची तिसरी मर्जरएफएसच्या (अनेक डिस्क मिळून एकच दाखवणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर) पूलमध्ये, म्हणजे डिस्कच्या गटात, जोडली आणि घरी आलो. तासाभरात फोन: “भाऊ, डिस्क फुल दाखवून रायलं ना!” मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड चालवून पाहिलं, तर सव्वासात टीबी मोकळी.

चूक माझीच होती. नवी फाईल कुठल्या डिस्कवर जाईल हे ‘क्रिएट पॉलिसी’ ठरवते, आणि मी ती ईपीएमएफएस ठेवली होती. जुन्या आवृत्त्यांत मुळात तीच असायची. ही पॉलिसी आधी बघते, तो फोल्डर कोणत्या डिस्कवर आहे. मग त्यांतलीच सर्वांत मोकळी निवडते. स्टुडिओचा ‘लग्न’ फोल्डर पहिल्याच दिवशी पहिल्या डिस्कवर बनला. आतले सगळे सबफोल्डर त्याच वाटेने गेले. नव्या डिस्कवर ‘लग्न’ नावाचं काही नव्हतंच, म्हणून ती हिशेबातच धरली गेली नाही. नव्या डिस्कवर हाताने ‘लग्न’ फोल्डर बनवला आणि कॉपी सुरू झाली.

पॉलिसी बदलायची तर एमएफएस सगळ्यांना सुचते: जिथे जास्त जागा, तिथे फाईल. पण मग दिवसेंदिवस सगळं लिखाण एकट्या नव्या डिस्कवर. मला पीएफआरडी बरी वाटते. मोकळ्या जागेच्या प्रमाणात ती डिस्क निवडते, पण चिठ्ठी टाकल्यासारखी. तोटा एवढाच, की एकाच लग्नाच्या क्लिप तीन डिस्कवर विखुरतात. मर्जरएफएस दुसरी प्रत ठेवत नाही, तेव्हा बॅकअप वेगळा हवाच.

दुसरी चूक ‘मिनफ्रीस्पेस’ची. मूळ आकडा ४ जीबी. त्याहून कमी जागा उरलेल्या डिस्कवर नवी फाईल बनत नाही. गोम अशी, की डिस्क निवडली जाते तेव्हा फाईल शून्य बाइटची असते. पुढे ती ६० जीबीची होणार हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार? १० जीबी उरलेली डिस्कही मग पात्र ठरते आणि कॉपी अर्ध्यात अडकते. आपल्या सर्वांत मोठ्या फाईलपेक्षा मोठा आकडा टाका. मी १०० जीबी ठेवतो. ‘मूव्हऑनइनोस्पेस’ही चालू ठेवा, म्हणजे जागा संपलीच तर फाईल दुसऱ्या डिस्कवर हलवून लिखाण पुढे चालतं.

पॉलिसी बदलल्याने जुन्या फायली मात्र जागच्या हलत नाहीत. त्या डिस्कांवर सारख्या वाटायला ‘मर्जरएफएस.बॅलन्स’ हे वेगळं टूल आहे; रात्री लावा.

आणि ‘सेटफॅटर’ कमांडने चालू पूलवर केलेला सेटिंगचा बदल रीमाउंट होईपर्यंतच, म्हणजे पूल पुन्हा जोडला जाईपर्यंतच, टिकतो. मे महिन्यात दुपारी लाईन गेली, यूपीएसने मान टाकली, आणि सर्व्हर उठला तो जुनी ईपीएमएफएस घेऊन. सर्व्हर सुरू होताना डिस्क कशा जोडायच्या हे सांगणाऱ्या ‘एफस्टॅब’ फाईलमध्ये लिहा आणि आपल्या हाताने एकदा रीस्टार्ट करून बघा.