खाऱ्या वाऱ्यात स्टीलची हार्डटेल: निवडायची कशी, जोडायची कशी, टिकवायची कशी

रत्नागिरी, गुहागर, देवगड, कुठेही सांगून बघा की स्टीलची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, जोडतोय, समोरून उत्तर ठरलेलं असतं, "अरे गंजेल ना ती!" आणि त्यांची काही चूक नाही, आपल्याकडे खिडकीचे गज, गेटच्या कड्या, शेगडीचे पाय सगळं दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे धरायला लागतं. पण किनाऱ्यावर वापरलेली जुनी सायकल कधी नीट उघडून बघा, मेलेलं काय असतं? बेअरिंग, केबल, चेन, फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे) सील, आणि फ्रेममध्ये जाम बसलेला सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा. फ्रेम स्वतः बहुतेक वेळा धडधाकट असते, मग ती कशाचीही असो. फुल सस्पेन्शनला, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या सायकलला, मागे पिव्होट म्हणजे हलणारे सांधे असतात, प्रत्येकात बेअरिंग, वर शॉकची सर्व्हिस वेगळी, आणि हे सगळं लाल मातीच्या लगद्यात आणि खाऱ्या हवेत चालवायचं. हार्डटेलला सस्पेन्शन फक्त पुढे, मागे हलणारं काहीच नाही, म्हणून कोकणात हार्डटेल. आणि हार्डटेलच घ्यायची तर स्टील का, तर गंज वेळेवर थांबवता येतो, आणि पाइपला तडा गेलाच तर तो जोडता येतो.

आराम मिळतो म्हणून स्टील घ्या असं जे सगळे सांगतात त्यावर माझा फारसा विश्वास नाही. स्टील ॲल्युमिनियमपेक्षा साधारण तिप्पट जड आणि तिप्पटच ताठ, म्हणून स्टीलचे पाइप बारीक आणि पातळ ठेवता येतात आणि त्यामुळे फ्रेम आडव्या-पिळाच्या ताणाला थोडी लवते, हे खरं. कोपऱ्यात ते जाणवतंही. पण खड्ड्यातून जो उभा दणका येतो तो खाणारा टायर, फ्रेम नाही. २.४ इंचाचा टायर योग्य हवेवर चालवलात तर फ्रेम कशाची आहे हे बुडाला कळणं कठीण. स्टीलचा खरा फायदा थकव्याचा, म्हणजे ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर स्टील कितीही वेळा वाकून सरळ होऊ शकतं, ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, त्याचं आयुष्य हळूहळू संपतच असतं. अर्थात चांगली ॲल्युमिनियम फ्रेम हे धरूनच जाड बनवलेली असते, त्यामुळे घाबरून कुणी आपली विकायला काढू नका.

तसं बघितलं तर माउंटन बाइकची सुरुवातच स्टीलवर झाली. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीमध्ये सत्तरच्या दशकात काही पोरं जुन्या श्विन एक्सेल्सिअर सायकली डोंगरावरून सोडायची, मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक उतारानंतर हब उघडून परत भरावं लागायचं. १९७७ साली त्यांच्यातल्याच जो ब्रीझनं या कामासाठी मुद्दाम क्रोमोली नावाच्या मिश्र स्टीलची फ्रेम बांधली. पुढे १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर आली, तीही स्टीलचीच.

आता फ्रेम निवडायची कशी. आपल्याकडे शोरूममध्ये क्रोमोलीची तयार एमटीबी क्वचितच दिसते, त्यामुळे बहुतेक लोक नुसती फ्रेम बाहेरून मागवतात नाहीतर जुनी शोधतात. चुंबक लावून स्टील आहे एवढंच कळतं, कुठलं स्टील ते नाही. शाळेत असताना ज्या रेंजरसाठी आपण हट्ट धरायचो त्या सायकली साध्या हाय टेन्साइलच्या, मजबूत पण जड. क्रोमोली म्हणजे बहुधा ४१३०, त्यात साधारण एक टक्का क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम. एवढ्याशा क्रोमियमनं ते स्टेनलेस होत नाही हं, गंजतं ते. स्टिकरवर बटेड लिहिलेलं असेल तर पाइप टोकांना जाड आणि मध्ये पातळ, उदाहरणार्थ ०.८ मिमी टोकाला आणि ०.५ मिमी मध्ये. २९ इंचाची बरी क्रोमोली फ्रेम सव्वादोन ते पावणेतीन किलोच्या आसपास भरते, ॲल्युमिनियमपेक्षा अर्धा ते एक किलो जास्त, ते मान्य करून पुढे जायचं.

तीन गोष्टी मात्र बघूनच घ्या. बॉटम ब्रॅकेटला, म्हणजे पेडलचा आस जिथे बसतो त्या भागाला, आटे हवेत, नुसता दाबून बसवायचा प्रेसफिट नको. डिस्क ब्रेकचा माउंट हवाच, कारण नव्वदच्या दशकातल्या जुन्या फ्रेम स्वस्त मिळतात पण त्यांना फक्त रिम ब्रेक बसतो आणि आपली लाल माती ओली झाली की पॉलिश पेपरचं काम करते, पॅड आणि रिम दोन्ही खाते. तिसरं म्हणजे हेड ट्यूब, फोर्कची दांडी ज्यात फिरते तो पुढचा पाइप, ४४ मिमीची असेल तर उत्तम, त्यात कप बदलून सरळ आणि टेपर्ड (खाली जाड होत जाणाऱ्या दांडीचा) दोन्ही फोर्क बसतात. मागच्या चाकाचा ॲक्सल (आस) १३५ मिमी क्विक रिलीज, १४२ की १४८ बूस्ट, हे चाकं घ्यायच्या आधी मोजा, नंतर नाही.

जुनी फ्रेम असेल तर दोरीची टेस्ट करा. पातळ न ताणणारी दोरी घ्यायची, मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस अडकतो ती खाच) बांधायची, पुढे हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत आणायची आणि ताणून बांधायची. मग सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर पट्टीनं मोजायचं. दोन्हीकडे सारखं आलं तर मागचा भाग सरळ, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर फ्रेम कुठेतरी मुरडलीये. डाउन ट्यूबच्या, म्हणजे हेड ट्यूबपासून पेडलकडे उतरणाऱ्या पाइपच्या, खाली, हेड ट्यूबच्या जवळ बोट फिरवा, तिथे रंगाला आडवी सुरकुती किंवा फुगवटा लागला तर समोरून धडक झालेली आहे, ती फ्रेम फुकट दिली तरी घेऊ नका.

आता मुख्य काम, जे लोक टाळतात. स्टील फ्रेम गंजते ती आतून. सीटपोस्टच्या फटीतून, वेल्डिंगच्या वेळी ठेवलेल्या बारीक भोकांतून पाणी आत जातं आणि बॉटम ब्रॅकेटपाशी येऊन साचतं. म्हणून एकही पार्ट लावायच्या आधी, शक्यतो एप्रिल-मेच्या कडक उन्हात, फ्रेम पूर्ण मोकळी करा, आत थोडं रॉकेल नाहीतर डिझेल फिरवून सैल गंज काढा आणि दिवसभर उन्हात उलटीसुलटी वाळवा. मग रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे अळशीचं उकळलेलं तेल आणा. बारीक भोकांना टेप मारा, सीट ट्यूब आणि हेड ट्यूबमधून मिळून साधारण शंभर मिली ओता, आणि फ्रेम हातात धरून सगळ्या दिशांना सावकाश फिरवा, चेनस्टे आणि सीटस्टेमध्ये, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक पाइपांत, तेल पोचलं पाहिजे, ते आत सरकताना ऐकू येतं. टेप काढा, खाली वर्तमानपत्र घालून रात्रभर निथळू द्या आणि मग काही दिवस हात लावू नका, तेलाचा चिकट थर सुकून वार्निशसारखा बसतो. एक धोक्याची गोष्ट, तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, हे तेल सुकताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

बॉटम ब्रॅकेटच्या तळाला पाणी जायला भोक आहे का बघा, नसेल तर ४ मिमीचं पाडून घ्या, फक्त नव्या फ्रेमच्या बाबतीत वॉरंटीचं आधी विचारून.

जोडणीत सगळ्यात जास्त खर्च करायचा तो ग्रीसवर, आणि ते महागही नाही. मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या बंदरात बोटीच्या सामानाच्या दुकानांत मरीन ग्रीस मिळतं, खाऱ्या पाण्यासाठीच बनवलेलं, ते आणा. आट्यांवर, हेडसेटच्या (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या) कपांना, सीटपोस्टला, बाटलीच्या स्टँडच्या बोल्टना, सगळीकडे हात सैल सोडून लावायचं, फक्त डिस्कच्या आसपास नाही. स्टील फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट आणि मध्ये खारी ओल, म्हणजे दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊन पोस्ट असा धरतो की शेवटी कापून काढावा लागतो. दर महिन्याला पोस्ट बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावा, परत घाला. पाच मिनिटांचं काम आहे.

बॉटम ब्रॅकेट लावताना चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, म्हणजे डावीकडे फिरवून घट्ट होतो. बोटांनी तीन-चार आटे सहज गेले तरच पान्याला हात लावा. फ्रेमला पावडर कोटिंग करून घेतलं असेल तर आट्यांत रंग गेलेला असतो, आधी टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करा. हेडसेट बसवायला महागडा प्रेस नको, हार्डवेअरच्या दुकानातला थ्रेडेड रॉड, दोन नट आणि मोठे वॉशर पुरतात, कप एका वेळी एकच आणि सरळ चालला आहे ना हे बघत बघत.

फोर्क १२० मिमी दबणारा घ्या, १४० चा मोह होतो पण फ्रेम कशासाठी बनवली आहे ते बघा, २० मिमी लांब फोर्क लावला की हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा कोन, साधारण एक अंशानं झोपतो आणि बॉटम ब्रॅकेट वर जातो. हार्डटेलला फक्त पुढची बाजू खाली बसते, मागची नाही, त्यामुळे सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर फोर्क जितका दबतो तो, कमीच ठेवायचा, १५ ते २० टक्के, म्हणजे १२० च्या फोर्कला १८ ते २४ मिमी. गिअर पुढे एकच, ३० किंवा ३२ दातांचा, मागे ११ स्पीडचा ११-५१ दातांचा कॅसेट. शिमानोचं डिओर ११ स्पीड जुन्या पद्धतीच्या फ्रीहबवर (मागच्या हबचा कॅसेट बसणारा भाग) बसतं, त्यांच्या १२ स्पीडला वेगळा फ्रीहब लागतो, आणि तालुक्याच्या गावात पार्ट मिळण्याचा विचार केला तर ११ बरं. ब्रेक मिनरल ऑइलचे घ्या, डॉट फ्लुइड हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडे ओलीचा तुटवडा नाही. केबल लागेल तिथे आउटर (केबलवरचं वेष्टण) अखंड चालवा, मध्ये उघडी केबल ठेवू नका. टायर ट्यूबलेस, सत्तर किलोच्या माणसाला पुढे २० आणि मागे २४ पीएसआयपासून सुरुवात करा. करवंदीच्या काट्यांचं मग टेन्शन नाही, फक्त उन्हाळ्यात टायरमधलं भोक बुजवणारं सीलंट लवकर सुकतं, महिन्या-दोन महिन्यांनी चाक हलवून आत खळखळतंय का ऐका.

चालवायची कुठे? जागांची कमी नाही. सडे, म्हणजे कातळाची पठारं, आहेत, चिरेखाणीकडे जाणारे कच्चे रस्ते आहेत, दोन गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) पाणंदी आहेत, जयगड–तवसाळ किंवा दाभोळ–धोपावे फेरीबोट पकडली की पलीकडे दुसरा तालुका. पण कलमांच्या बागेत हंगामात विचारल्याशिवाय घुसू नका, राखणदार असतात आणि त्यांचे कुत्रेही. सड्यावर अजून एक गोष्ट सांभाळायची, राजापूर-रत्नागिरीकडे उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे अशा कितीतरी ठिकाणी कातळशिल्पं आहेत आणि सगळ्यांना कुंपण नाही. जांभा मऊ दगड, त्यावरची कोरीव रेघ टायरखाली घासली की गेलीच. सायकल बाजूला आडवी ठेवा आणि चालत बघा. भाद्रपदात सडा फुलतो तेव्हाही ठरलेली वाट सोडू नका.

सुक्या जांभ्यावर वरची बारीक खडी सरकते, तिथे पुढचा ब्रेक वळणाच्या आधी मारून मोकळं व्हायचं, वळणात नाही. मागे सस्पेन्शन नाही म्हणजे ते काम गुडघ्यांचं, पेडल समांतर, टाचा खाली, बूड सीटवरून उचललेलं. सायकल खालून नाचू दे, तुम्ही तिच्याबरोबर नाचू नका. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत कातळावर हिरवं-काळं शेवाळ धरतं आणि पाखाड्यांच्या (दगडी पायवाटांच्या) पायऱ्या तर साबणच, तिथे उतरून चाला, कुणी बघत नाहीये. पातेऱ्याखाली, म्हणजे वाळक्या पानांखाली, काय आहे हेही दिसत नाही, दगड असतो नाहीतर मुळं.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, फोटोपुरती न्या, चालवू नका. गेलात, किंवा फेरीवर पाणी उडालं, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा, नुसता पाइप सोडून, प्रेशर वॉशर नको कारण तो खारं पाणी बेअरिंगच्या आत ढकलतो. उलटी करून पाणी निथळू द्या, चेन कोरडी पुसून तेल. रंग उडालेला दिसला की सँडपेपर, रेड ऑक्साइड प्रायमर, वर घरातली नेलपॉलिश, रंग जुळला नाही तर नाही. पावसाळ्यात सायकल पडवीत ठेवायची तर समुद्राच्या बाजूला नको, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून तर अजिबात नको, आत घाम धरतो.

आणि समजा बऱ्याच वर्षांनी कुठे तडा गेलाच, तर गेट-ग्रील बनवणाऱ्याकडे जाऊन साधं आर्क वेल्डिंग करू नका. अर्ध्या मिलिमीटरचा पाइप आहे, रॉड टेकला की भोक पडतं. टिग वेल्डिंगवाला शोधा, नाहीतर गॅसवर पितळी झाळ देणारा जुना कारागीर. त्याला आधीच सांगा की पाइप पातळ आहे, आच बेतानं ठेवा आणि गरम जागेवर पाणी मारू नका, आपोआप गार होऊ दे, कारण एकदम थंड केलं की क्रोमोली तिथे कडक आणि ठिसूळ होतं. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडून घेतलं तर तो पुढे सरकत नाही. गार झाल्यावर झाळीच्या वेळी लावलेला फ्लक्स घासून काढा, त्याच दिवशी प्रायमर मारा, आणि आतून अळशीचं तेल परत फिरवा, कारण आचेनं तिथला जुना थर जळालेला असतो.