अंगणातील ओट्यापर्यंत वीज नेताना

उघड्या ओट्यावर दिवा किंवा पंखा हवा झाला की खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर काढला जातो आणि चार दिवसांची म्हणून केलेली ती सोय वर्षानुवर्षे तशीच राहते. घरातील आणि घराबाहेरील वायरिंगमध्ये खरा फरक पाण्याचा असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या त्वचेचा रोध बराच कमी झालेला असतो, त्यामुळे घरात केवळ झटक्यावर निभावणारी चूक बाहेर जिवावर बेतू शकते. चर खणणे, पाइप टाकणे, पेटी बसवण्याची जागा ठरवणे ही कामे घरच्या घरी करता येतात. डीबीतील (घराच्या वीज वितरण पेटीतील) जोडणी, अर्थिंग आणि तपासणी मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

प्रथम भाराचा हिशेब करावा. २३० व्होल्टवर २००० वॅटची विद्युत शेगडी सुमारे ९ अँपिअर घेते. तिच्या जोडीला दिवे आणि एखादा लहान पंप धरला, तर बाहेरच्यासाठी १६ अँपिअरचे एक स्वतंत्र सर्किट पुरते. बैठकीच्या खोलीतील सॉकेटमधून फाटा काढण्यापेक्षा थेट डीबीपासून नवी केबल नेणे केव्हाही चांगले. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची केबल सामान्यतः चालते, परंतु अंतर वाढले की व्होल्टेज घटते. या जाडीला दर मीटरला, दर अँपिअरमागे सुमारे १८ मिलिव्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे ४० मीटरवर १२ अँपिअर भार असल्यास जवळजवळ ९ व्होल्ट वाटेतच जातात. तीच केबल ४ चौरस मिलिमीटरची घेतल्यास ही घट ५ व्होल्टच्या आसपास राहते.

या सर्किटला एमसीबीबरोबर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असलीच पाहिजे. एमसीबी केबलला जादा भारापासून आणि शॉर्टसर्किटपासून वाचवते; माणसाला झटक्यापासून वाचवण्यासाठी ती बनवलेलीच नसते. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहते आणि दोहोंत फरक पडला, म्हणजेच काही प्रवाह जमिनीकडे गळू लागला, की क्षणार्धात पुरवठा तोडते. येथे एक चूक वारंवार होते: बाहेरच्या सर्किटचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढे न जोडता डीबीतील सामाईक पट्टीवर जोडला जातो. मग दिवा लावताच आरसीसीबी पडते, तिलाच सदोष ठरवले जाते आणि शेवटी कोणीतरी ती वगळून थेट जोडणी करून देतो. असा सल्ला देणाऱ्याला दुसऱ्यांदा घरी बोलावू नये.

जमिनीखालून आर्मर्ड केबल न्यावी. चर साधारण ६० सेंटिमीटर खोल ठेवावा, मात्र स्थानिक नियमांत अधिक खोली सांगितली असल्यास तीच पाळावी. तळाचे दगड वेचून वाळूचा थर द्यावा, केबल सैलसर अंथरावी, वर पुन्हा वाळू टाकावी आणि चर अर्धा भरल्यावर धोक्याची पट्टी पसरावी, म्हणजे पुढे कोणी रोपासाठी खड्डा खणला तर कुदळीआधी पट्टी दिसेल. केबलवरील पोलादी तारांचे कवच दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये (केबल पेटीत घट्ट धरणाऱ्या धातूच्या जोडात) नीट आवळून अर्थिंगला जोडावे.

बाहेरच्या कामाचा कस लागतो तो सॉकेटच्या पेटीपाशी. केबल पेटीत नेहमी खालच्या बाजूने घ्यावी. वरून घेतलेल्या केबलच्या अंगावरून पाणी ओघळत थेट टर्मिनलवर उतरते. माझ्या पहिल्याच कामात मी ही चूक केली होती, आणि पावसानंतर झाकण उघडले तेव्हा पितळी स्क्रूंवर हिरवी पुटे चढलेली होती. केबल भिंतीवरून उतरत येत असेल तर पेटीच्या खाली तिला एक झोल द्यावा, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतात. भिंतीतील छिद्रही बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे. पेटीवरील आयपी क्रमांकाचा दुसरा अंक पाण्यासंबंधी असतो: ४ म्हणजे शिंतोडे सहन होतात, ५ म्हणजे नळीच्या फवाऱ्याचाही त्रास होत नाही. तथापि कित्येक पेट्यांचे हे संरक्षण झाकण बंद असतानाच लागू असते. म्हणून प्लग लावलेला असतानाही ज्याचे झाकण पूर्ण मिटते, असाच सॉकेट निवडावा.

वीज सोडण्यापूर्वी केबल दोन्ही टोकांना सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) तिचा इन्सुलेशन रोध मोजावा; तो १ मेगओहमपेक्षा कमी भरल्यास पुढे जाऊ नये. नव्या केबलचे वाचन याहून कितीतरी जास्त येते, त्यामुळे जेमतेम आकडा आला तरी ग्लँड पुन्हा उघडून पाहावा. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहावे, पण ते केवळ यंत्रणा चालते की नाही हेच दाखवते. अर्थिंगची तपासणी वेगळीच करावी लागते. पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर मेन स्विच बंद करून पेटीचे झाकण एकदा उघडावे आणि आतल्या कडांवरून कोरडे बोट फिरवावे. बोट ओले झाले, तर पाणी कोणत्या वाटेने आले ते सापडेपर्यंत पुरवठा सुरू करू नये.