माशांच्या टाकीत तळाला कोणती रेती टाकायची

दुकानातली निळी-गुलाबी रंगवलेली खडी घेऊ नका. तिचा रंग सुटतो, आणि भडक तळावर मासे फिके पडतात. पांढरे मार्बल चिप्स त्याहून वाईट, कारण संगमरवर म्हणजे रसायनाच्या भाषेत चुनखडीच, आणि ती टाकीत हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा वाढवते. शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडेही त्याच जातीचे. 'ॲक्वा सॉइल' नावाची महागडी काळी गोळी मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यासाठी बनवलेली असते. आपल्या बोरच्या जड पाण्यात तिचा गुण लवकर संपतो आणि मागे नुसती महाग माती उरते.

विदर्भात राहणाऱ्याने तळासाठी पैसे घालवायचं कारणच नाही. गावात कोणाचं ना कोणाचं बांधकाम चालू असतं. मालकाला विचारून दोन घमेली रेती आणा. नदीच्या घाटावरून परस्पर पोतं भरू नका. रेती हे गौण खनिज आहे, चौदा किलोसाठी तहसीलचं लफडं मागे लावून घेण्यात अर्थ नाही.

चौदा किलो कुठून आले? लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि १००० ने भागा, की लिटर येतात. लिटरला साधारण दीड ते १.६ किलो कोरडी रेती लागते. दोन फुटी टाकीत (६० × ३०) पाच सेंटिमीटर थराला ९ लिटर, म्हणजे सुमारे १४ किलो. झाडं लावायची नसतील तर तीन सेंटिमीटर पुरे.

दाणा निवडायला घरच्या दोन चाळण्या बस आहेत. गव्हाच्या चाळणीतून जी खाली पडते आणि पिठाच्या चाळणीवर जी उरते, ती आपली रेती. पिठासारखी बारीक रेती घट्ट बसते, तिच्या पोटात हवा जात नाही आणि काही महिन्यांनी तळ उकरला की सडक्या अंड्याचा वास येतो. वाटाण्याएवढ्या खड्यांच्या फटीत खाद्य अडकून कुजतं. तळाखाली फिल्टरची जाळी असेल तरच जाड दाणा घ्या, कारण बारीक रेतीने ती जाळी तुंबते. क्रशरची चुरी नकोच. तिचे दाणे टोकदार असतात, तळ उकरणाऱ्या कोरीडोरस किंवा लोचसारख्या मिशीवाल्या माशांना मी त्यावर ठेवणार नाही. शिवाय तिची भुकटी कितीही धुवा, संपत नाही.

शेतातली काळी माती खाली घालून वर रेती टाका, झाडं जोमात येतात, असा सल्ला देणारे भेटतील. आपली काळी माती पाण्याने फुगते. झाड उपटलं की त्या जागेतून चिखल वर येतो आणि टाकी गढूळ होते. त्यात चुनखडीचे खडे असतात ते वेगळेच. झाडांना खत हवं असेल तर मुळांशी खताची गोळी खोचा.

आता चुन्याची परीक्षा, म्हणजे रेतीत चुनखडी आहे का ते बघणं. बहुतेक जण इथेच फसतात, आणि ही नीट जमायला मलाही सगळ्यात जास्त वेळ लागला. "अबे, रेती त रेती असते, त्यात काय पाहाचं?" असं सांगणारा प्रत्येक गावात एक असतोच. त्याच्या टाकीत काय चाललंय ते आधी विचारा.

रेती कुठली आहे, यावर अर्धा निकाल लागतो. कन्हान आणि वैनगंगेच्या रेतीत गारगोटीचे दाणे भरपूर असतात, आणि गारगोटी पाण्यात काही सोडत नाही. पश्चिमेकडे अमरावती, अकोला, यवतमाळच्या बाजूला जमीन काळ्या दगडाची. तो दगड स्वतः निरुपद्रवी आहे, पण त्याच्या पोकळ्यांत काही ठिकाणी कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचे पांढरे स्फटिक असतात आणि नाल्याच्या काठावरून चुनखडीचे खडे रेतीत घसरतात. वणी-कोरपना पट्ट्यात तर जमिनीखालीच चुनखडक आहे, सिमेंटचे कारखाने तिथे उगाच आले नाहीत. पण ट्रक कुठून आला हे बांधकामवाल्यालाही नेमकं ठाऊक नसतं, म्हणून परीक्षा करायचीच.

व्हिनेगर किंवा लिंबू पिळून बघा, असं सगळे सांगतात. लिंबाने फक्त ठळक चुना कळतो, तोही कान लावून बसलं तर. संडास साफ करायचं पातळ, बिनरंगी ॲसिड वापरा. हातमोजे घाला, अंगणात बसा, आणि ब्लीचिंग पावडर जवळपासही नको, कारण दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो.

ढिगाच्या तीन वेगवेगळ्या जागांहून मूठमूठ रेती घ्या, कारण एका ढिगात दोन घाटांचा माल असू शकतो. ती धुऊन काचेच्या बाटलीत घाला. मग एक गोष्ट करा जी कोणी सांगत नाही: आधी नुसतं पाणी ओतून काडीने ढवळा आणि पाणी काढून टाका. कोरड्या रेतीवर काहीही ओतलं तरी दाण्यांमधली हवा बुडबुडे सोडते. त्या बुडबुड्यांना चुना समजून लोक चांगली रेती फेकतात. ओल्या रेतीवर ॲसिडचे चार थेंब टाकून बघा. एखाद्याच दाण्यापाशी फसफस झाली तर तो शिंपल्याचा तुकडा असेल. असे तुकडे वेचून काढता येतात. सगळीकडून फेस आला तर ती रेती परत बांधकामावर.

काहीच झालं नाही, तरी थांबा. डोलोमाइट हा चुनखडीचा सावत्रभाऊ थंड ॲसिडला सहजासहजी दाद देत नाही. थोडी रेती कुटून पूड करा आणि पुडीवर पुन्हा थेंब टाका. यासाठी स्वयंपाकघरातला खलबत्ता घेऊ नका, घरातून पाटावरवंटाही मिळणार नाही. तपासलेला नमुना टाकीत परत जाता कामा नये.

तरीही शंका वाटली तर दोन बाटल्यांत पावसाचं किंवा आरओचं पाणी भरा. एकीत धुतलेली रेती घाला, दुसरी तशीच झाकून ठेवा. आठवड्याने दोन्हींचा जडपणा थेंबांच्या किटने मोजा. ही चाचणी बोरच्या पाण्यात करू नका. ते आधीच जड असतं, त्यात चुना विरघळला तरी फरक कळत नाही.

मग आपलं पाणी जडच आहे, तर एवढा आटापिटा कशाला? माशांच्या मलमूत्रापासून टाकीत हळूहळू आम्ल तयार होतं. ते चुना विरघळवतं आणि जडपणा वर चढत राहतो. त्यात उन्हाळ्यात पाणी उडतं ते क्षार मागे ठेवून, आणि आपण वरून पुन्हा बोरचंच पाणी ओततो. कुलरच्या ताट्यांवर मे महिन्यात जो पांढरा थर बसतो, तो याच क्षारांचा. गप्पी, मोली, प्लॅटी ठेवणार असाल तर थोडा चुना चालेल, त्यांना जड पाणी मानवतं. मऊ पाणी लागणाऱ्या टेट्रा माशांसाठी मुद्दाम पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरत असाल, तर चुन्याची रेती त्या मेहनतीवर पाणी फिरवेल. आणि चांगली रेती बोरचं पाणी मऊ करते, असा गैरसमज नको. मासे पाणी बघून निवडा.

एक धोका कुठल्याच थेंबाने कळत नाही. कपाशीच्या शेताला लागून वाहणाऱ्या नाल्याची रेती मी फुकटातही घेत नाही. फवारणीचे पंप तिथेच धुतले जातात, आणि काही कीटकनाशकं माशांना अगदी कमी मात्रेतही मारतात. कोळंबीला तर त्याहूनही कमी पुरतं.

पुढचं सोपं आहे. बकेटीत एका वेळी पाव बकेट रेती घ्या आणि वरचं पाणी नितळ निघेपर्यंत हाताने घुसळून धुवा. साबण लावू नका. टाकीत पसरताना मागे उंच आणि पुढे उतार द्या. वर एक ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडा. पहिल्या दिवशी थोडं गढूळ दिसेल. तिसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर रेती नीट धुतलेली नाही. फिल्टरच्या भरवशावर सोडू नका, बाहेर काढून पुन्हा धुवा.