जंताचं औषध लागू पडत नाही? आधी या चुका तपासा

"औषध बोगस निघालं, दुसरं सांगा." शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्न ठरलेला: वजन केलं होतं का? उत्तरही ठरलेलं: "अंदाज आहे ना आम्हाला."

हा अंदाज मलाही होता. चाळीस शेळ्यांचा कळप, सगळ्या पंचवीस किलोच्या धरल्या आणि अल्बेंडाझोल पाजून मोकळा झालो. बारा दिवसांनी लेंड्या तपासल्या तर जंतांची अंडी जेमतेम निम्म्यावर आलेली. ताणकाटा आणून एकेक शेळी टांगली, तेव्हा कळलं की थोराड शेळ्या अडतीस-चाळीस किलोच्या होत्या. त्यातून मी मात्रा काढली होती मेंढीच्या हिशेबानं. शेळीचं शरीर ही औषधं मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं, म्हणून तिची मात्रा वेगळी असते आणि ती पशुवैद्यालाच विचारायची. लेव्हॅमिसोल हे जंताचं दुसरं औषध तर मनानं वाढवाल तर शेळीच गमवाल. पुढे मात्रा दुरुस्त करून पाजलं, तरी अंडी हवी तशी उतरली नाहीत. तोवर अशीच कमी मात्रा पाजण्यात तीन वर्षं गेली होती.

त्या तीन वर्षांत आत काय चाललं होतं? अल्बेंडाझोलच्या गटातली औषधं जंताच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. एखाद्या जंतात त्या प्रथिनातला एकच दुवा बदललेला असतो, मग औषधाची पकड बसत नाही. हा बदल आईबापांपैकी एकाकडूनच आलेला असेल, तर पूर्ण मात्रेत असे बरेच जंत मरतात. अर्ध्या मात्रेत तगतात आणि एकमेकांत वीण करतात. हिमोंकस या रक्त पिणाऱ्या जंताची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. या गटातलं पहिलं औषध, थायाबेंडाझोल, १९६१ साली आलं आणि १९६४ मध्ये त्याला न जुमानणाऱ्या जंतांची नोंदही झाली. तेव्हा "आमच्याकडे असं नसतं" हे मला सांगू नका.

दुसरी चूक नीटनेटक्या माणसांची. सगळ्या कळपाला एकाच दिवशी पाजायचं आणि लगेच ताज्या, कोऱ्या कुरणात सोडायचं. पूर्वी हाच सल्ला दिला जायचा. पण पाजल्यावर पोटात उरतात ते औषधाला पुरून उरलेलेच, आणि कोऱ्या गवतावर पडणारी सगळी अंडी त्यांची. थोडे साधे जंत कळपात राहू द्यावे लागतात, म्हणजे त्यांच्याशी वीण होऊन या निगरगट्टांचं वाण पातळ होत राहतं. हे नवख्यांच्या गळी उतरत नाही. त्यांना एकही जंत नको असतो, तोही उद्याच्या उद्या. कळपातल्या थोड्याच जनावरांत बहुतेक जंत असतात. म्हणून मी दर पंधरा दिवसांनी प्रत्येकीची खालची पापणी उलटून बघतो. लालबुंद असेल आणि अंगावर मांस असेल तर सोडून देतो. फिकट गुलाबी किंवा पांढरी दिसली, जबड्याखाली पाणी साचलं असेल, तर पाजतो. अर्थात ही युक्ती रक्त पिणाऱ्या हिमोंकसपुरतीच. हगवण लागली असेल तर पापणी काही सांगत नाही.

औषध बदललं म्हणता, पण नाव बदललेलं असतं. फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल एकाच गटातली. बाटलीवर घटक वाचा.

बाटली हलवली नाही तर औषध तळाशी राहतं. पहिल्या दहा शेळ्यांना नुसतं पाणी.

जिभेच्या टोकावर ओतू नका, निम्मं थुंकतात. पिचकारी गालाच्या कडेनं जिभेच्या मुळापर्यंत न्या आणि सावकाश दाबा.

विकत आणलेली शेळी थेट कळपात सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या चुका पैसे मोजून घरी आणणं. वेगळी बांधा, पाजा, लेंड्या तपासा, मग सोडा.

आणि तपासणी. पाजण्याआधी एकदा, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा, त्याच शेळ्यांच्या लेंड्या. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर जंत औषधाला जुमानत नाहीत अशी शंका घ्या, पण आधी वजनाची वही काढा.