सोलापूर भागातल्या बैलगाडी शर्यतीला जायचंय? मग एवढं वाचून जा

सुगी संपली, ज्वारी घरात आली की आपल्याकडं गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रा म्हटलं की मैदान, म्हणजे बैलगाडीची शर्यत, आलंच. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस, पंढरपूर, करमाळा, कुठल्याही रस्त्याला लागा, चौकात मोठ्ठा फ्लेक्स दिसणार, त्यावर बैलांचे फोटो, बक्षिसाचे आकडे आणि खाली यात्रा कमिटीच्या पोरांचे नंबर. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तो फ्लेक्स नीट वाचायचा आणि एक फोन करायचा, मैदान नक्की आहे का आणि परवानगी मिळाली का. हे विचारायला लाजू नका. आयोजकांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ५० हजारांची ठेव किंवा बँक हमी द्यावी लागते, आणि परवानगी नसलेलं मैदान ऐनवेळी बंद पडलं तर तुम्ही तर परत येताच पण लांबून बैल घेऊन आलेल्या माणसाचं भाडं आणि बैलाची दमछाक दोन्ही वाया जातंय.

हे परवानगीचं मी एवढं का धरून बसलोय तर शर्यत आपल्याला सहज परत मिळालेली नाही. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, २०१७ ला राज्यानं कायदा केला तर त्यालाही हायकोर्टाची स्थगिती आली, शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कायदा कायम ठेवला. मधल्या वर्षांत कितीतरी घरांनी दावणीची खिल्लार खोंडं विकली, कारण ट्रॅक्टर आल्यावर हा बैल पळण्यासाठीच तर सांभाळला जात होता. म्हणून बघायला जाणाऱ्यानंही नियम माहीत करून जावं. धावपट्टी जास्तीत जास्त १००० मीटर, काठी-चाबूक-टोचणी काही चालत नाही, शेपटी पिरगाळायची किंवा चावायची नाही, बैलाबरोबर घोडा जुंपायचा नाही, दोन पळतींच्या मध्ये निदान २० मिनिटं विसावा आणि एका जोडीला दिवसात तीनच पळती. आपल्याकडं गट, सेमी आणि फायनल असंच मैदान चालतं, म्हणजे फायनलला आलेल्या जोडीचा दिवस तिथं पूर्ण झाला, त्यानंतर हौसेसाठी म्हणून पण तिला पळवायची नाही.

आता बघायचं कसं ते. पुण्याकडं खेड-जुन्नरला घाट असतो, तिथं एकेक गाडा चढावर पळतो आणि सेकंद मोजतात. आपल्याकडं सपाट रानात पाच-सात गाड्या एकदम सुटतात, प्रत्येकीचा तास, म्हणजे पळायचा पट्टा, ठरलेला, कुणाला कुठला तास ते चिठ्ठी टाकून निघतंय. झेंडा पडला की छकडे, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाड्या, सुटतात आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर निकाल. म्हणून आधी सुटायची जागा बघून घ्या, तिथं खरी मजा आहे, बैल झेंड्याकडं कान टवकारून उभे असतात, मागं धरणारी चार-पाच माणसं टाच रोवून असतात, आणि कसलेला बैल झेंडा हलायच्या आधीच ओळखतो. दोन-तीन गट तिथं बघा, मग बाजूनं मधल्या अंतरावर या. निकालाच्या रेषेपाशी उभं राहायचं असेल तर बाजूच्या उंचवट्यावर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, आणि रेषेच्या पुढं तर अजिबात नाही. कितीही गर्दी तिकडं धावली तरी नाही, कारण रेषा ओलांडली म्हणून बैल थांबत नाही, तो तसाच वेगात पुढं जातो आणि जास्तीत जास्त अपघात तिथंच होतात.

दुसरी चूक लोक करतात ती म्हणजे गट गेला की मोबाईल घेऊन तासात उतरतात. एखादी गाडी मागं राहिलेली असती, एखादा बैल जू सोडून उलटा फिरलेला असतो. पंच माईकवरून घसा फोडून सांगत असतात, बाहेर व्हा, बाहेर व्हा, तर त्यांचं ऐका. बैल सुटून अंगावर आलाच तर सरळ रेषेत पळू नका, आरडाओरडा नको, जवळची गाडी, झाड, ट्रॉली बघून तिच्या आड व्हा. लहान पोरं ट्रॉलीत बसवा, रंगीत छत्री, उडते फुगे, शिट्ट्या घरी ठेवा, बैल बुजतो.

दावणीला बांधलेले बैल बघायला जरूर जा, मला तर शर्यतीइतकाच तो भाग आवडतो. खिल्लार हे मूळचं आपल्याच भागातलं जनावर, सोलापूर, सांगली, सातारा आणि पलीकडं विजापूरपर्यंत, आणि मैदान सोडून दुसरीकडं एका जागी इतकी देखणी शिंगं बघायला मिळत नाहीत. पण मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका, मागनं जाऊ नका, समोरून बाजूनं या, फ्लॅश मारू नका. आणि जुंपलेल्या बैलापाशी सेल्फी नकोच. मालकाला "दादा, आदत आहे का दुसा?" असं विचारलं तर तो मनापासून बोलतो, म्हणजे अजून दुधाचे दात आहेत का दोन पक्के दात आले. समालोचकाकडं कान ठेवा, कुठल्या गावचा बैल, कुणाचा पैरा (म्हणजे जोडीला कुणाचा बैल), मागच्या मैदानात काय झालं, सगळं त्याच्या तोंडात असतंय.

उन्हाचं हलक्यात घेऊ नका. चैत्र-वैशाखात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर आणि मैदानात सावलीचं नाव नाही. पांढरं उपरणं किंवा टोपी, बंद बूट, दोन-तीन लिटर पाणी, ओआरएसची पुडी, आणि डबा. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा घेतला की दिवसभर खराब होत नाही, स्टॉलवर भजी आणि उसाचा रस मिळतोच. फायनलला बहुतेक अंधार पडायला येतो तेव्हा सकाळी लवकर जाऊन दुपारी कंटाळून परतू नका, खरी चुरस शेवटच्या तासाभरातच असती.

आता ज्यांना उतरायचंय त्यांच्यासाठी. आधी बैल, मग बाकी सगळं. जनावर बघायचं असेल तर सांगोल्याचा रविवारचा बाजार आहे, संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला जनावरांचा बाजार आहे. पण पहिल्याच वर्षी लाखाचा बैल घेऊ नका, एखाद्या जुन्या शर्यतवाल्याच्या दावणीला सहा महिने राबा, शेण काढा, वैरण टाका, तिथं जे कळतं ते व्हिडिओ बघून कळत नाही. जोडी पूर्ण नसली तरी अडत नाही, आपल्याकडं पैरा चालतो, एक बैल तुमचा एक दुसऱ्याचा. फक्त कुठला बैल डावीकडं पळतो कुठला उजवीकडं हे आधी बघा आणि सरावात दोन-चार फेरे एकत्र काढा, मैदानात पहिल्यांदा जुंपलेली जोडी एकमेकाला ओढत बसती.

छकडा हलका पाहिजे पण चाकं, आस, जू, सापत्या (बैलाची मान जुवाला बांधायचे पट्टे) आदल्या दिवशी एकेक तपासायच्या, सापती तुटली की बैलाच्या आणि ड्रायव्हरच्या दोघांच्याही जीवावर येतंय. गाडीवर माणूस एकच. नवख्यानं गाडीवर बसूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, पहिलं वर्षभर मागं धरायचं काम करा. पशुवैद्यकीय डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो, बैलाच्या कानात बिल्ला असू द्या, नोंदणी वेळेत करा. बैल लंगडत असेल, वैरण सोडली असेल, डोळा पाणावला असेल तर त्या दिवशी पळवायचा नाही, प्रवेश फी गेली तर जाऊ द्या.

पळून आल्यावर लगेच टबभर गार पाणी पुढं ठेवू नका. जू काढा, सावलीत हळूहळू फिरवा, धाप बसू द्या, मग थोडं थोडं पाणी. पाय, खूर, मानेवरचं जू बसतं ती जागा हातानं चाचपून बघा. पिकअपमध्ये चढवताना खाली पेंढा अंथरा, आणि दोन बैलांच्या मध्ये आडवं लाकूड टाका.

मैदान सुटल्यावर रस्त्याला एकच झुंबड उडती. बघ्यांनी जरा थांबावं, बैलांचे पिकअप आधी जाऊ द्यावेत, आणि त्यांच्या मागं गाडी असली तर हॉर्न दाबू नये, आत दमलेलं जनावर उभं असतंय.