काडतूस उडालं नाही? टोपी उकरू नका! शेतसंरक्षणाच्या बंदुकीबाबत या चुका टाळा

जानेवारीतली पहाट. कलमं मोहोरलेली आणि वानरांची टोळी बागेत उतरलेली. आवाजाने पळवावी म्हणून बार काढायला गेलो, तर नुसतंच 'टक्'. काडतूस पडवीत आणलं तसे शेजारचे काका म्हणाले, "खिळा आण रे, टोपी काढून बघू, दारू सर्दावलीय का ते." बोलता बोलता त्यांनी हातोडीही घेतली. मी काडतूस हातातून काढून घेतलं. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ही चूक आपल्याकडे घरोघरी होते, म्हणून आधी तिच्याबद्दल. बारा बोअरच्या काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्यातला मसाला ठोक्यानेच पेटावा म्हणून बनवलेला असतो. परदेशी व्हिडिओंमध्ये टोपी काढायची हत्यारं दिसतात, ती उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या कवचासाठी, म्हणजे पुंगळीसाठी. पुंगळीत आतून दांडी घालायची आणि जळकी टोपी खाली ढकलायची. भरलेल्या काडतुसात आतून वाटच नसते. छरे, बूच आणि दारू मध्ये असतात. मग माणूस बाहेरून उकरतो, म्हणजे बंदुकीची पिन जिथे आपटते नेमका तिथेच खिळा ठोकतो. तेही काडतुसाभोवती पोलादी नळी नसताना.

रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरायचा विचारही नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात. शेतसंरक्षणाच्या परवान्यात हे बसत नाही. (डुक्कर मारायची परवानगीही त्यात आपोआप येत नाही, ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते.)

बार उडाला नाही की काडतूस काढायला लगेच बंदूक उघडू नका. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा. कधी कधी टोपी उशिरा पेटते. मग काडतूस काढून पिनेच्या ठोक्याने टोपीवर पडलेला खळगा नीट पाहा. निदान तिथेच होतं. खळगा खोल आणि मधोमध असेल तर बहुधा दोष काडतुसात: ओल लागली असेल किंवा तेल झिरपलं असेल. खळगा उथळ असेल तर दोष बंदुकीत: पिन झिजली, स्प्रिंग सैल पडली किंवा आत चिकटा साचला. खळगा एका बाजूला सरकलेला असेल तर बिजागरीत खेळ आहे का, हे कारागिराकडून तपासून घ्या. यातल्या कशासाठीही टोपी काढावी लागत नाही.

पुंगळी अडकली तर स्क्रूड्रायव्हरने कड उचकटू नका, पुंगळी बाहेर ओढणारा भाग (एक्स्ट्रॅक्टर) खराब होतो. ती उडालेली आहे याची आधी खात्री करा, मगच तोंडाकडून साफसफाईच्या दांडीने ढकला. वारंवार अडकत असेल तर चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, गंज धरला असू शकतो. ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस सहज बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. नळीवरचा आकडा वाचूनच काडतूस घ्या. वीस बोअरचं, म्हणजे बारापेक्षा बारीक, काडतूस तर घरात नकोच. ते बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं आणि मागून दुसरं घालून बार काढला की नळी फुटू शकते.

पावसाळ्यात काडतुसं चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची पद्धत सोडा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून, चुलीपासून लांब, कुलपात ठेवा. पितळेवर हिरवा थर चढलेली वेगळी काढा. नादुरुस्त काडतूस जाळू नका, विहिरीत टाकू नका. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात आधी कळवून, ते सांगतील तसं जमा करा. आणि पोरांना पुंगळ्यांच्या शिट्ट्या करू देऊ नका, जळक्या टोपीच्या काजळीत शिसं असतं.

माझ्या काडतुसावरचा खळगा जेमतेम दिसण्याइतका होता. कारागिराने बंदूक उघडली, तर पिनेभोवती पांढरं, थिजलेलं खोबरेल. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं आणि त्या पहाटे चांगलाच गारठा होता. गंज चढू नये म्हणून दर पावसाळ्यात मीच ते चोपडत आलो होतो. आता बंदुकीचंच तेल वापरतो, तेही थेंबभर, फडक्याने पुसून.