सोलापुरात राहून आइस हॉकीचा बचावपटू घडवायचा तर

आइस हॉकीत बचावपटूचं निम्मं काम उलट्या दिशेनं चालतं. समोरून गडी वेगात येत असतो. त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरकत, त्याला हळूहळू कडेला न्यायचं असतं. उलटं स्केटिंग कच्चं असलं की खांदे कितीही रुंद असोत, धडक चुकते, गडी बगलेतून निसटतो आणि सगळा भार गोलरक्षकावर येतो. उलटं स्केटिंग, अंतर आणि कोन या तिन्ही गोष्टी सिमेंटवर शिकता येतात. म्हणून सोलापूरच्या मुलामुलींनी पहिली दोन वर्षं त्या इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवर, पक्क्या कराव्यात, बर्फाची घाई करू नये.

मैदान आणि सामान

शाळेचं सिमेंटचं बास्केटबॉल मैदान, म्हणजे 28 बाय 15 मीटर, एकास एक सरावाला भरपूर झालं. खरी रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, 60 मीटर लांब आणि 26 ते 30 मीटर रुंद असते, पण बचावपटूची झुंज तिच्या एका पट्टीतच होते. वेळ पहाटेची ठेवा, सहा ते आठ. मार्चपासून सोलापूरचं ऊन आठनंतर चटके देतं, आणि तापलेल्या सिमेंटवर चाकं मऊ पडून झपाट्यानं झिजतात. आधी खराट्यानं मैदान झाडून घ्या. वळताना घसरून पडण्याचं पहिलं कारण बारीक खडी असतं.

स्केटिंगच्या वर्गात मिळणारे दोन-दोन चाकांचे क्वाड इथे उपयोगाचे नाहीत. बर्फावरच्या पात्यासारखी कड त्यांना येत नाही. एका रांगेत चार चाकं असलेले हॉकीचे इनलाइन स्केट्स घ्या, चाकांचा कडकपणा 82ए ते 85ए. दर तीन-चार आठवड्यांनी पहिलं चाक तिसऱ्याच्या आणि दुसरं चौथ्याच्या जागी लावा. लावताना चाक उलटं करा, म्हणजे झिजलेली आतली कड बाहेर येते. बेअरिंग धुळीनं कुरकुरायला लागलं तर रॉकेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून हलक्या तेलाचा एक थेंब सोडा. जास्त तेल घातलं तर धूळ आणखी चिकटते.

स्टिकची लांबी स्केट्स घालून मोजावी. आक्रमकाला हनुवटीपर्यंत पुरते, बचावपटूनं नाकापर्यंत ठेवावी, कारण त्याला पोच लागते. स्टिकच्या लवचीकतेचा आकडा (फ्लेक्स) पौंडांतल्या वजनाच्या निम्मा धरा: 70 किलो म्हणजे साधारण 154 पौंड, तर स्टिक 75 च्या आसपासची. स्टिक वरून कापली की ती जास्त कडक होते, हे विकत घेतानाच लक्षात असू द्या. बर्फावर खेळायचा पक, म्हणजे रबरी चकती, सिमेंटवर अडखळतो आणि उभा होऊन पळतो. त्याऐवजी इनलाइनचा हलका पक किंवा हॉकीचा चेंडू वापरा. फटक्यांच्या सरावाला आठ बाय चार फुटांचा सनमायकाचा तुकडा अंथरला तर खरा पकही छान सरकतो. गोलच्या मागे जुनी सोलापुरी चादर सैल टांगा. ताणून बांधलेल्या कापडावरून पक उसळून येतो, सैल चादर तो जिरवते.

अंतर राखणं

बचावपटूची कारकीर्द इथेच ठरते, म्हणून निम्मा सराव यालाच द्या. चुन्यानं 20 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद पट्टी आखा. आक्रमक एका टोकाला चेंडू घेऊन, बचावपटू त्याच्यापुढे साधारण दोन स्टिक अंतरावर. दोघं एकदम निघतात. पट्टीच्या मध्याला येईपर्यंत अंतर एका स्टिकइतकं उरलं पाहिजे. शेवटच्या रेषेआधी आक्रमक कडेच्या रेषेबाहेर गेला तर बचावपटू जिंकला. त्याला पाडण्याची किंवा चेंडू हिसकावण्याची गरज नाही.

बचावपटूनं आपला बाहेरचा खांदा आक्रमकाच्या आतल्या खांद्यासमोर ठेवायचा, म्हणजे मधली वाट बंद होते आणि कडेची उघडी दिसते. आक्रमक आपणहून तिकडे वळतो. कबड्डीत कोपरा सांभाळलेल्या मुलांना हे पटकन उमगतं, कारण चढाईपटूला हवी ती वाट दाखवून कोंडायची सवय त्यांच्या पायांत असते.

चुका बहुतेक ठरलेल्या. नजर चेंडूवर राहिली तर पहिल्या हुलकावणीला गडी फसतो, म्हणून नजर समोरच्याच्या छातीवर ठेवा. छाती खोटं बोलत नाही. मागे जाताना पायावर पाय टाकला आणि त्याच क्षणी आक्रमक उलट बाजूला वळला, तर सावरायला पाय मोकळा राहत नाही. सरळ मागे जाताना एकेका पायानं जमिनीवर अर्धगोल काढत वेग घ्या, पाय ओलांडणं फक्त बाजूला सरकताना. स्टिक दोन्ही हातांत धरली की पोच कमी होते. ती एका हातात, पुढे, पातं जमिनीला टेकलेलं हवं. गुडघे ताठ झाले की वजन टाचांवर जातं आणि गडी पाठीवर आपटतो. हेल्मेटशिवाय उलटं स्केटिंग कुणालाही करू देऊ नका.

यानंतर वळण. उलट्याचं सुलट होताना वेग तुटता कामा नये. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. त्या बाजूला दुप्पट वळणं घ्या, नाहीतर सामन्यात समोरचा दोन चढायांत ती ओळखतो.

धडक

इनलाइन हॉकीत शरीराची धडक नियमात बसत नाही. ती वेगळी, गादीवर शिकवा. आधी भिंतीशेजारी खांद्याला खांदा लावून नुसतं रेटणं, मग चालत, मग स्केट्सवर सावकाश. धडक देताना स्टिक खाली, कोपर अंगाशी, दोन्ही पाय जमिनीवर, आणि लक्ष्य समोरच्याचा खांदा व छाती. धडक पक असलेल्यालाच द्यायची. लांबून धावत येऊन मारणं, डोक्याला लागणं आणि पाठीवरून बोर्डवर, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीवर, ढकलणं हे तिन्ही गुन्हे आहेत. साधा दंड दोन मिनिटांचा, गंभीर पाच मिनिटांचा, आणि तेवढा वेळ संघ एका गड्यानं कमी खेळतो. समोरच्याच्या पाठीवरचा नंबर दिसला की हात आवरायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. मुलींच्या सामन्यांत धडकेवर बंधनं जास्त असतात, ती आधी समजून घ्या.

धडक खायलाही शिकवावं लागतं. कोपऱ्यातला पक आणायला जाताना दोनदा खांद्यावरून मागे पाहायचं आणि तिरकं जायचं. सगळ्यात धोक्याची जागा बोर्डपासून एक-दीड मीटरवरची. तिथे धक्का बसला की डोकं थेट बोर्डवर आदळतं. एकतर बोर्डला चिकटून राहा, नाहीतर चांगलं लांब.

फटका अडवायला पकपुढे अंग टाकताना एक गुडघा टेकावा, स्टिकचं पातं आडवं ठेवून खालची वाट बंद करावी, तोंड फिरवू नये. हेल्मेटची जाळी पुढे असते, मान वळवली की कान उघडा पडतो. पक 156 ते 170 ग्रॅमचा, गोठवलेल्या रबराचा. तो बुटाच्या वरच्या भागावर बसला तर हाड मोडतं, म्हणून स्केटवर प्लास्टिकचं कवच लावा.

अंगमेहनत

सामन्यात गडी एका वेळी 40 ते 45 सेकंदच बर्फावर असतो, मग बदली येतो. तेवढाच वेळ पूर्ण जोर, मग दीड ते दोन मिनिटं विश्रांती, असे आठ फेरे. 70 किलोच्या गड्याला दिवसाला साधारण 110 ग्रॅम प्रथिनं लागतात. भाकरी आणि शेंगाचटणीवर ती भरत नाहीत. अंडी, डाळ, दूध, उसळ किंवा मांस जोडावंच लागतं.

बर्फावर जाताना

डेहराडूनची हिमाद्री रिंक बंदिस्त आहे. लेहमध्ये थंडीच्या ऐन दोन महिन्यांत नैसर्गिक बर्फ मिळतो. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली गाठता येते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आणि लेह साडेतीन हजारांवर, त्यामुळे लेहला उतरल्यावर दोन दिवस सराव बंद. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली तर डॉक्टर गाठा, सहन करत बसू नका. बर्फाच्या स्केटच्या पात्याखाली गोलाकार खाच घासून धार लावतात, ती अर्धा इंच त्रिज्येपासून सुरू करा. कडाक्याच्या थंडीतल्या टणक बर्फावर ती थोडी कमी त्रिज्येची लागते. इनलाइनवरून आलेल्याला आडवं पातं टाकून थांबणं येत नसतं. पहिले तीन दिवस फक्त तेच, दोन्ही बाजूंनी.

पुढची वाट

भारतात पोट भरेल अशी व्यावसायिक लीग नाही, हे पालकांना सुरुवातीलाच सांगा. इथे लष्कर आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस) संघ मजबूत आहेत, आणि त्या वाटेत नोकरी आहे. उत्तर अमेरिकेत वाट ज्युनियर लीग किंवा विद्यापीठातून निवडीकडे (ड्राफ्ट, ज्यात संघ फेऱ्याफेऱ्यांनी तरुण खेळाडू निवडतात), तिथून ईसीएचएल, एएचएल या खालच्या व्यावसायिक लीग आणि नशिबानं साथ दिली तर सर्वांत वरच्या एनएचएलकडे जाते. रॉबिन बावा हा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनएचएलमध्ये 1989 मध्ये उतरला. तिसऱ्या फेरीत निवडला गेलेला स्लोव्हाकियाचा झ्देनो चारा 1680 सामने खेळला. बचावपटूंत हा विक्रम आहे. क्रिस चेलिओस 48 व्या वर्षापर्यंत मैदानात होता. दोघांची ख्याती व्यायामाबद्दल होती.

डोक्याला मार बसल्यावर मात्र कुणाचीही घाई ऐकू नका. त्याच दिवशी खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे पूर्ण पडून न राहता फक्त रोजची हलकी कामं, मग हलकं चालणं, मग धडकेविना स्केटिंग, मग संघासोबत सराव. प्रत्येक पायरीला किमान 24 तास द्या, आणि लक्षणं परतली तर एक पायरी मागे या. डॉक्टरांची लेखी परवानगी हातात आल्यावरच धडकेचा सराव सुरू करा.